तुमसरचा उन्हाळा : अंगण ते गच्ची

भंडारा जिल्ह्यात उन्हाळा दोनदा येतो. दुसऱ्यांदा येतो तो नवतप्याचा. 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की पुढचे नऊ दिवस रस्ते ओस पडतात, कावळेसुद्धा सावली सोडत नाहीत. त्या उन्हाळ्याबद्दल वर्तमानपत्रांत भरपूर छापून येते. मला सांगायचे आहे ते पहिल्या उन्हाळ्याबद्दल, म्हणजे मार्चच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच्या दिवसांबद्दल. सकाळ अजून गार असते, कडुनिंबाला बारीक पांढरा मोहोर येतो, मोगऱ्याला कळ्या धरतात आणि घराघरांत कूलर खाली उतरवून धुतले जातात. तुमसर पाहायचे असेल तर याच दिवसांत पाहावे.

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर भंडारा रोडनंतर काही वेळाने तुमसर रोड हे जंक्शन लागते. स्टेशन आहे देव्हाडी गावात. तुमसर शहर तेथून काही किलोमीटर आत आहे. जंक्शनवरून एक फाटा उत्तरेकडे निघतो, तुमसर टाऊन, डोंगरी बुजुर्ग, गोबरवाही अशी स्टेशने घेत मध्य प्रदेशातील तिरोडीकडे जातो. या फाट्याचे कारण म्हणजे मँगनीज. डोंगरी बुजुर्गची खाण उघडी आहे, चिखल्याची जमिनीखाली आहे. दोन्ही आज मॉइल या सरकारी कंपनीकडे आहेत. ही कंपनी 1962 साली स्थापन झाली, पण त्याआधीची इंग्रज कंपनी 1896 पासून या भागात होती. डोंगरीचे मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटरीत वापरतात. आपल्या टॉर्चच्या सेलमध्ये तुमसर तालुक्याची माती असू शकते, हे मुलांना सांगितले की त्यांना गंमत वाटते.

स्टेशनपासून शहरात येताना मात्र मँगनीज दिसत नाही, दिसतो तांदूळ. रस्त्याच्या कडेला राइस मिल, मिलच्या मागे धानाच्या टरफलांचे पिवळट ढीग, आणि वाऱ्याबरोबर उडणारी बारीक भुकटी. तुमसरची धान-तांदळाची बाजारपेठ जुनी आहे. 1 मे 1999 रोजी गोंदिया वेगळा झाला तरी भंडारा जिल्ह्याची ओळख बदलली नाही : तलावांचा जिल्हा आणि धानाचे कोठार. मालगुजारांच्या काळात बांधलेल्या तलावांना आजही ‘मामा तलाव’ म्हणतात. मामा म्हणजे ‘माजी मालगुजारी’. ज्या भागाने पाणी अडवून धान पिकवले त्याच भागात एप्रिलमध्ये विहिरीचा दोर दोन हात लांब करावा लागतो.

शहराच्या उत्तरेला सातपुड्याच्या टेकड्या सुरू होतात. तिथे अंबागडचा किल्ला आहे. देवगडचे गोंड राजे बख्त बुलंद शाह यांच्या अमलात, 1700 च्या सुमारास, त्यांचे सुभेदार राजा खान पठाण यांनी तो बांधला. बख्त बुलंद यांनी औरंगजेबाच्या दरबारात इस्लाम स्वीकारला होता आणि नागपूर शहर वसवण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. गोंड राजा, पठाण सुभेदार, गवंडी आणि मजूर आसपासच्या गावांतले. या मुलुखात आपली माणसे कशी मिसळत आली याचा तो किल्ला दगडी दाखला आहे. मार्चमध्ये गेलात तर वाटेवर पळस फुललेला असतो आणि मोहाची फुले गळू लागलेली असतात. एप्रिलनंतर सकाळी नऊच्या आत परतावे.

मोमिनपुऱ्यातून तुमसरला

माझे माहेर नागपूरच्या मोमिनपुऱ्यातले. तिथे घराला घर लागून, गल्ली एवढी अरुंद की समोरच्या खिडकीतून मीठ मागता येते. हिरवे म्हणून जे काही होते ते पुदिन्याची एक कुंडी आणि मशिदीच्या कोपऱ्यातले एक झाड. 1998 साली लग्न होऊन मी तुमसरला आले तेव्हा पहिल्यांदा स्वतःच्या घराचे अंगण पाहिले. पुढे ओटा, मध्ये कवेलूचे घर, मागे विहीर आणि विहिरीभोवती सांदवाडी. चाळीस फूट लांब, पंचवीस फूट रुंद. अब्बांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती कधीच मोकळी ठेवली नव्हती.

पहिल्या महिन्यात मला भाज्यांची नावे नव्याने शिकावी लागली. नागपूरलाही ही नावे आहेतच, पण आमच्या घरात बाजारातल्या ठेल्यापुरतीच त्यांची ओळख होती. इथे शेवग्याला मुनगा म्हणतात, पेरूला जांब, दुधीला लवकी, कोथिंबिरीला सांबार आणि चवळीच्या शेंगांना बरबटी. मायाळूचा वेल म्हणजे पोई. अम्मी, माझ्या सासूबाई, मला सकाळी हाक मारायच्या, “दुल्हन, मुनग्याखाली फुले पडली असतील, वेचून आण.” मुनग्याच्या फुलांची बेसन लावून केलेली भाजी मी आयुष्यात पहिल्यांदा या घरात खाल्ली.

सांदवाडीचा कारभार सगळा अम्मींचा होता. अब्बा खड्डे खणायचे, रोपे आणायचे. पण कोणत्या झाडाला किती पाणी, कोणती फांदी केव्हा छाटायची, हे अम्मी ठरवायच्या. मोगऱ्याची छाटणी जानेवारीच्या अखेरीस करायची, मग महिनाभर पाणी कमी ठेवायचे आणि मार्चमध्ये खत-पाणी द्यायचे, म्हणजे एप्रिलभर कळ्या धरतात, हे त्यांनीच मला शिकवले. त्या शाळेत चौथीपर्यंत गेल्या. परंतु मेंदीच्या कुंपणाला कात्री लावताना त्यांचा हात एखाद्या कारागिरासारखा चालायचा.

फजरपासून नऊपर्यंत

या दिवसांत घरातले सगळे महत्त्वाचे काम फजरपासून सकाळी नऊपर्यंत उरकते. नमाज झाली की आधी झाडांना पाणी. रात्रभरात माती निवलेली असते, पाणी मुळांपर्यंत जाते आणि ऊन चढण्याआधी झाड पिऊन घेते. मग अंगणात सडा, आणि मग वाळवणाच्या खाटा बाहेर निघतात.

वाळवण हा आमच्याकडे मोठा सोहळाच असतो. शेवया, बटाट्याचे कीस, साबुदाण्याचे पापड, सांडगे, ताकातल्या मिरच्या. शेवयांच्या दिवशी शेजारच्या तीन घरांतल्या बाया येतात. त्यात गोंड आहेत, कलार आहेत, तेली आहेत. आमच्या शेवया ईदच्या शीरखुर्म्यासाठी, त्यांच्या अक्षय्य तृतीयेला आमरसाबरोबर खाण्यासाठी. खाटा एकाच अंगणात. पाखरे हाकलायला लहान मुले बसवायची आणि त्यांना मजुरी म्हणून कच्च्या शेवयांचा मूठभर चुरा द्यायचा.

बाजारातही हेच दिवस चांगले. जंगलाकडच्या गावांतून बायका टोपल्यांतून चारं आणि टेंभरं घेऊन येतात. चारं म्हणजे चारोळीचे फळ, जांभळट आणि गोड-आंबट. टेंभरं म्हणजे तेंदूचे पिवळे फळ. शहरातल्या पोरांना ही फळे ठाऊक नसतात, म्हणून मी पाहुण्यांना आधी तीच खाऊ घालते. मग येतात कैऱ्या. पन्ह्याच्या, लोणच्याच्या, मुरंब्याच्या. प्रत्येकीला झाड वेगळे आणि दुकानदार वेगळा.

नऊनंतर दारे लोटली जातात. कूलरच्या खिडकीला नव्या वाळ्याच्या जाळ्या बसवल्या की पहिल्या दिवशी घरभर जो वास येतो, त्याला कोणत्याही अत्तराची सर नाही.

रमजान उन्हाळ्यात असताना

आपले महिने चंद्रावर चालतात आणि दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात. त्यामुळे प्रत्येक पिढीच्या वाट्याला काही उन्हाळी रमजान येतात. 2018 चा रमजान मेच्या मध्यात सुरू झाला, 2019 चा 7 मे रोजी. आणि ईद 5 जूनला, म्हणजे सगळा नवतपा रोज्यात गेला. आता रमजान हिवाळ्याकडे सरकला आहे, पण बकरी ईद उन्हाळ्यात आली आहे. 2024 मध्ये ती 17 जूनला होती, 2025 मध्ये 7 जूनला.

त्या दोन वर्षांत सांदवाडीचा खरा उपयोग कळला. इफ्तारच्या सरबतात घालायचा सब्जा आमच्या घरचा असतो. सब्जाचे झाड म्हणजे तुळशीचीच बहीण, अरबीत रैहान. कुरआनमध्ये सुगंधी वनस्पतींसाठी हा शब्द आला आहे. ते ऊन चांगले सोसते, फेब्रुवारीत बी टाकले तर मेपर्यंत तुरे वाळून काळे बी हातात येते. विहिरीजवळच्या ओलीत पुदिना, त्याच्या बाजूला लिंबू. असरच्या नमाजेनंतर मुले टोपली घेऊन निघायची आणि पंधरा मिनिटांत सरबताचे सामान गोळा करून आणायची. रोज्यात ज्या वेळी वेळ सरत नाही ती वेळ झाडांपाशी जायची. अम्मी त्या वर्षी सत्तरीच्या होत्या आणि त्यांनी एकही रोजा सोडला नाही. दुपारी जोहरनंतर त्या कडुनिंबाखाली ओली चटई टाकून पडून राहायच्या. घरातल्या कूलरपेक्षा तिथे बरे वाटते, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्यापाठोपाठ शेजारणीही यायच्या.

वजूचे पाणी

सांदवाडी उन्हाळ्यात तगली ती विहिरीमुळे, पण केवळ विहिरीमुळे नाही. एप्रिलच्या अखेरीस विहीर तळाला जाते आणि नळाचे पाणी आमच्या गल्लीत सकाळी थोडा वेळच असते. अशा वेळी अब्बांनी एक साधी सोय केली होती. वजूच्या ओट्यावरून एक लहान पन्हाळी काढून ती थेट केळीच्या आणि पोईच्या वाफ्यात सोडली होती.

हिशेब करून पाहा. नळ सोडून वजू केला तर पाच-सहा लिटर पाणी सहज जाते. बधन्याने केला तर दीड लिटर पुरते. घरात चार माणसे पाचही वेळा वजू करत असतील तर दिवसाचे वीस वजू, म्हणजे बधन्याने तीस लिटर, दोन बादल्या. या पाण्यात साबण नसतो, तेल नसते. झाडांना ते घालायला काहीच हरकत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः एक मुद्द, म्हणजे लिटरपेक्षाही कमी पाण्यात वजू करत, असे हदीसमध्ये आहे. वाहत्या नदीकाठी बसून वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, अशी ताकीद त्यांनी हजरत साद (रजि.) यांना दिल्याचे इब्ने माजा यांच्या संग्रहात नमूद आहे. वैनगंगेच्या खोऱ्यात राहणाऱ्या आम्हाला ही ताकीद अगदी आपल्यासाठीच असल्यासारखी वाटते.

तांदूळ धुतल्याचे पाणी, भाजी धुतल्याचे पाणी, माठ विसळल्याचे पाणी, हेही वाफ्यातच जायचे. कूलरच्या टाकीच्या तळाचे पाणी मात्र अम्मी झाडांना घालू देत नसत. पाणी उडून जाते, क्षार खाली राहतात, आणि त्या पाण्याने मोगऱ्याची पाने कडेने करपतात.

खोलीचा प्रश्न

अब्बा गेल्यानंतर काही वर्षांनी घरात खोलीचा प्रश्न आला. मोठ्या दिरांच्या मुलाचा निकाह ठरला. मुलगा चांगला, मुलगी गोंदियाकडची, सुशिक्षित. कवेलूच्या घरात चार खोल्या आणि माणसे अकरा. नवीन जोडप्याला खोली हवी, यात कोणाचेच दुमत नव्हते. प्रश्न एवढाच होता की ती बांधायची कुठे. जुन्या मातीच्या भिंतींवर वरचा मजला चढणार नव्हता. मोकळी जागा एकच, सांदवाडी.

ही गोष्ट आज घरोघरी चालू आहे. तुमसरच काय, भंडारा, गोंदिया, बालाघाट, कुठल्याही गावात जा. वडिलांच्या वेळी एक चूल होती, आता तीन आहेत, जमीन तेवढीच. माणसाला छत हवे आणि झाडाला माती हवी, दोघांचे म्हणणे खरे. म्हणून यात कोणाला दोषी धरता येत नाही आणि म्हणूनच निर्णय अवघड होतो.

रात्री दस्तरखान उचलल्यावर सगळे बसले. गवंड्याने आखणी करून दिली होती. त्या आखणीत कडुनिंब, जांब, लिंबू आणि विहीर, सगळेच जात होते. विहिरीवर स्लॅब टाकून तिथे मोरी करायची होती. मोठे दीर म्हणाले, “अम्मी, तुमची परवानगी असेल तरच.” अम्मी बराच वेळ तसबीह ओढत राहिल्या. मग म्हणाल्या, “खोली बांधा. पोरगी परक्या घरातून येणार, तिला दार लावून घ्यायला जागा पाहिजे. जांब तोडा, लिंबू तोडा. पण कडुनिंब आपल्या एकट्याचा नाही. त्याखाली चार घरच्या बाया बसतात. त्यांना विचारल्याशिवाय कसा तोडाल?”

त्यावर कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी ज्याचा निकाह होता तो पुतण्याच गवंड्याकडे गेला आणि आखणी बदलून घेतली. खोली दोन फुटांनी लहान झाली, पश्चिमेच्या भिंतीला चिकटली. कडुनिंब आणि विहीर राहिली. जांब, लिंबू, केळी, पोईचा वाफा आणि मेंदीचे कुंपण गेले. ज्या दिवशी जांब तोडला त्या दिवशी अम्मी पहाटेच लहान नणंदेकडे निघून गेल्या आणि संध्याकाळी परतल्या.

बांधकाम एप्रिलमध्ये चालू होते. स्लॅबवर मातीची आळी करून दिवसभर पाणी भरून ठेवावे लागते, नाहीतर सिमेंटला तडे जातात. विहीर आधीच खाली गेलेली. सकाळी उपसलेल्या पाण्यातून आधी घराचे, मग स्लॅबचे आणि उरले तर झाडांचे. त्या वीस दिवसांत मोगऱ्याची निम्मी पाने गळाली. वजूच्या पन्हाळीचे पाणी तेवढे त्याला मिळत राहिले, त्यावर तो वाचला.

गच्चीवरची बाग

नव्या खोलीला पक्की गच्ची मिळाली. नवी सून मोठी हौशी निघाली. तिने पहिल्याच हिवाळ्यात तिथे कुंड्या मांडायला सुरुवात केली. तेलाचे पंधरा लिटरचे पत्र्याचे डबे, रंगाचे रिकामे डबे, तांदळाची पोती. खाली भोके पाडायची, मग माती भरायची. तीन वर्षांच्या अनुभवातून आम्ही जे शिकलो ते थोडक्यात सांगते. ज्यांच्याकडे अंगण नाही त्यांना उपयोगी पडेल.

निव्वळ माती भरू नये. ती जड होते आणि उन्हात विटेसारखी घट्ट बसते. आम्ही एक भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत किंवा लेंडीखत आणि एक भाग धानाची टरफले घेतो. टरफले राइस मिलमध्ये सहज मिळतात. त्यांच्यात सिलिका जास्त असते, ती लवकर कुजत नाहीत आणि माती भुसभुशीत ठेवतात. मात्र ताजी टरफले घालू नयेत. दोन-तीन महिने भिजवून, शेणात मिसळून ठेवावीत. बकरी ईदसाठी दोन महिने आधी बोकड घरी येतो, त्याच्या लेंड्यांचे खत उत्तम होते. बोकडाला मात्र गच्चीच्या जिन्याजवळ बांधू नये. तो एका दुपारी वर्षभराची मेहनत खाऊन टाकतो.

भरलेला एक डबा पाणी दिल्यावर वीस किलोपर्यंत भरतो. पंचवीस डबे म्हणजे पाच क्विंटल. ते गच्चीच्या मध्यभागी न मांडता भिंतींच्या आणि बीमच्या रेषेवर मांडावेत, आणि खाली विटा ठेवाव्यात. विटांमुळे स्लॅबची धग थेट मुळांना लागत नाही आणि पाणी साचत नाही. मोकळ्या गच्चीला चुन्याचा पांढरा हात दिला तर खालची खोलीही थोडी निवते.

मार्च संपता संपता निम्मी सावली देणारी हिरवी जाळी बांधावी. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवाव्यात, म्हणजे एकीची सावली दुसरीवर पडते. मातीवर तणसाचा चार बोटे थर पसरावा; आमच्याकडे तणस भरपूर आणि स्वस्त. मोठ्या डब्यात जुना झिरपणारा माठ किंवा मडके गळ्यापर्यंत पुरून त्यात पाणी भरून झाकण ठेवावे. मातीच्या भिंतीतून पाणी हळूहळू मुळांकडे जाते. ही युक्ती दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी शेतीग्रंथात सापडते आणि आजही तिच्यापेक्षा स्वस्त ठिबक मिळत नाही.

लावायचे काय, हेही उन्हाळ्याला विचारून ठरवावे. पारा 35 अंशांच्या वर गेला की टोमॅटोची फुले गळतात, फळ धरत नाही. पालक आणि सांबार तुरे काढून मोकळे होतात. म्हणून मार्चपासून आम्ही त्यांच्या मागे लागत नाही. भेंडी, गवार, बरबटी, पोई, तांदुळजा आणि सब्जा हे उन्हाचे सोबती. लवकीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात. गच्चीवर रात्रीचे पतंग पुरेसे आले नाहीत तर मगरिबच्या आगेमागे नर फूल तोडून मादी फुलावर अलगद फिरवावे. मादी फुलाच्या मागे बोटाएवढी लवकी आधीच दिसते, त्यावरून ओळखावे. जून-जुलैत कडुनिंबाखाली पडलेल्या निंबोळ्या वाळवून ठेवल्या तर पुढच्या उन्हाळ्यात कामी येतात. पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी, गाळून, किंचित साबण मिसळून संध्याकाळी फवारावी. जास्वंदीवरचा पांढरा मावा त्याने आटोक्यात राहतो.

एवढे सगळे जमले, तरी एक गोष्ट राहिली. गच्चीवरची बाग अम्मींची झाली नाही. त्यांचे गुडघे दुखतात, बारा पायऱ्या त्यांना चढवत नाहीत. पहिल्या वर्षी बरबटीच्या शेंगांची टोपली खाली आणून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी एक शेंग मोडून पाहिली, म्हणाल्या, “जून झाली, काल तोडायला हवी होती.” तेव्हा सुनेच्या लक्षात आले. त्यानंतर ती रोज सकाळी वर काय झाले आहे याचा सगळा हालहवाल खाली येऊन सांगते आणि अम्मी खाटेवरून हुकूम सोडतात. मोगऱ्याचे एक मोठे रोप ड्रममध्ये घालून कडुनिंबाखाली, त्यांच्या हाताला लागेल असे ठेवले आहे. त्याची कात्री अजून त्यांच्याकडेच असते.

आणखी एक गोष्ट बांधकामानंतर समजली. जिथे जांब होता तिथली खोली घरात सर्वांत जास्त तापते. पश्चिमेचे ऊन आता थेट भिंतीवर येते. कवेलूच्या जुन्या खोल्यांत एक कूलर पुरतो, तिथे पुरत नाही. झाड सावली देते एवढेच नाही. पानांतून उडणारे पाणी भोवतालची हवाही निववते. ते गेल्यावर त्याचा हिशेब विजेच्या बिलात दिसतो. आता त्या भिंतीलगत एका हाताएवढी पट्टी उकरून पुतण्याने दोडक्याचा वेल चढवला आहे.

एक हात माती

स्पेनमधील कुर्तुबा, आजचे कोर्दोबा, हे शहर उन्हाळ्यात आपल्या विदर्भासारखेच भाजते. तिथल्या जुन्या घरांत मध्ये अंगण, अंगणात विहीर किंवा कारंजे आणि भिंतींवर टांगलेल्या कुंड्या, अशी रचना मुसलमानांच्या काळापासून रुजली. दर मे महिन्यात तिथले लोक आपली अंगणे सजवून परक्या माणसांसाठी उघडी ठेवतात. 2012 साली युनेस्कोने त्या उत्सवाला मानवतेचा वारसा म्हणून मान्यता दिली. त्याच अंदलुसमध्ये बाराव्या शतकात इशबीलियाच्या इब्नुल अव्वाम यांनी शेती आणि बागेवर मोठा अरबी ग्रंथ लिहिला. आपल्याकडे अंगण उघडायला युनेस्कोची गरज पडत नाही. कडुनिंबाखाली खाट टाकली की शेजारणी आपोआप येतात. मात्र अंगण शिल्लक असले पाहिजे.

ज्या घरांत यंदा बांधकाम निघणार आहे त्यांना एवढेच सांगावेसे वाटते : नकाशा काढणाऱ्याला आधी सांगा, की पश्चिमेला एक हात रुंद मातीची पट्टी सोडायची आहे आणि वजूच्या ओट्याचे पाणी गटारात न जाता त्या पट्टीत गेले पाहिजे. घर बांधून झाल्यावर हे करायला फरशी फोडावी लागते; आधी केले तर खर्च काहीच नाही. झाड लावणाऱ्याच्या झाडावरून माणसाने, पाखराने किंवा जनावराने जे काही खाल्ले, ते लावणाऱ्यासाठी सदका ठरते, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. अब्बांनी लावलेला कडुनिंब उभा आहे. त्याच्या निंबोळ्या पाखरे खातात, सावली चार घरे वापरतात, आणि त्याचा सवाब त्यांच्यापर्यंत पोहोचत असेल, अशी आमची उमेद आहे.

तुमसरला आलात तर सकाळच्या गाडीने या. देव्हाडीला उतरा, बाजारातून पळसाच्या पानाच्या द्रोणात चारं घ्या आणि ऊन चढायच्या आत कोणत्या तरी ओळखीच्या अंगणात पोहोचा. पाणी माठातले मिळेल. निघताना अम्मींसारखी कोणी तरी मेंदीची फांदी किंवा सब्जाचे मूठभर बी कागदात बांधून देईल. ते नाही म्हणू नका. घरी नेऊन लावा.